बेरोजगारीचा आकडा आणि आकड्याआड राहिलेली माणसे

जयपूर : राजस्थानात बेरोजगारी किती, या साध्या प्रश्नाला २०२२-२३ या एकाच वर्षी दोन उत्तरे मिळाली. ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ या मुंबईतील खासगी संस्थेने डिसेंबर २०२२ साठी राज्याचा बेरोजगारी दर २८.५ टक्के सांगितला. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाने जुलै २०२२ ते जून २०२३ या वर्षासाठी तोच दर ४.४ टक्के नोंदविला. एका हिशेबाने काम करू इच्छिणाऱ्या दर चौघांपैकी एकाहून अधिक जण रिकामे होते. दुसऱ्या हिशेबाने बावीस-तेवीस जणांमागे एक.

दोहोंपैकी एक आकडा खोटाच असला पाहिजे, असा निष्कर्ष अशा वेळी लगेच काढला जातो. तो घाईचा आहे. एखाद्या राज्याचा मासिक आकडा मर्यादित नमुन्यावर बेतलेला असल्याने बराच वरखाली होतो, हे खरे. परंतु तफावतीचे मोठे कारण अन्यत्र आहे. खासगी संस्था मुलाखतीच्या सुमाराच्या एखाद्या दिवसाची स्थिती विचारते. सरकारी सर्वेक्षणाचा सर्वाधिक चर्चेत असणारा दर वर्षभर मागे वळून पाहतो आणि त्या वर्षातील थोड्याबहुत कामालाही रोजगार मानतो. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरेही वेगळी. या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत जी माणसे सापडतात, त्यांची गणना अर्थशास्त्र प्रच्छन्न किंवा छुप्या बेरोजगारीत करते.

ही माणसे दिसत नाहीत असे नाही. जयपूरचे बनी पार्क त्यासाठी पुरेसे आहे. जयपूर जंक्शन रेल्वे स्थानक आणि सिंधी कॅम्प बसस्थानक यांच्या लगतची ही जुनी वसाहत. रुंद रस्ते, जुन्या हवेल्या आणि बंगल्यांची झालेली हॉटेले, जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालयांचा परिसर. आणि या सगळ्यांवर पोट असलेले अर्ज लिहून देणारे, टंकलेखक, छायाप्रतीची दुकाने, चहाच्या टपऱ्या, ई-रिक्षा. राज्याच्या कानाकोपऱ्यातून कामासाठी, परीक्षेसाठी, दाव्याच्या तारखेसाठी आलेला माणूस जयपुरात बहुधा येथेच पहिले पाऊल ठेवतो. अशा वसाहतीत सर्वेक्षकाने एखाद्या सकाळी दारे ठोठावली, तर त्याच्या नोंदवहीत काय उतरेल, हे पाहिले की आकड्याची घडण उलगडत जाते. पुढील माणसे उदाहरणापुरती कल्पिलेली आहेत. त्यांना लागू होणारे नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

नोंदवहीतील संकेतांक

हॉटेलात काम करणारा एखादा वाढपी घेऊ. जयपुरात पर्यटकांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलचे ऊन तापू लागले की खोल्या रिकाम्या पडतात आणि मालक काही कामगारांना ‘पाऊस पडल्यावर या’ म्हणून गावी धाडतो. पगार थांबतो, नोकरी मात्र कागदोपत्री किंवा शब्दावर शाबूत असते. सर्वेक्षणात अशा माणसासाठी ७२ हा संकेतांक आहे : नियमित पगारी काम आहे, पण आजारपणाखेरीज अन्य कारणाने त्या आठवड्यात काम केले नाही. हा संकेतांक रोजगारप्राप्त गटात मोडतो. ‘नेहमीच्या स्थिती’चा निकष लावला तर प्रश्नच मिटतो, कारण वर्षातील अधिक काळ त्याने काम केलेले असते. दोन-तीन महिने घरात चूल कशावर पेटली, याला त्या नोंदवहीत रकाना नाही.

सिंधी कॅम्पच्या बाहेर प्रवाशांची वाट पाहणाऱ्या ई-रिक्षांच्या रांगेत तीन चालकांपुरते भाडे दहा जणांत वाटले जात असेल, तरी दहाही जण संकेतांक ११, म्हणजे स्वतःच्या हिमतीवर व्यवसाय करणारे. किराणा दुकानात वडिलांबरोबर बसणारे दोन पदवीधर मुलगे संकेतांक २१, म्हणजे घरच्या उद्योगातील बिनपगारी मदतनीस. ते दोघे उद्या दुकानात आले नाहीत तर विक्री रुपयानेही घटणार नाही; पण रोजगाराच्या खात्यात दुकानामागे तीन माणसे लागतात.

सर्वांत अवघड नोंद स्त्रीची. जयपुरात गोटा-पट्टीचे, शिवणकामाचे, रजया भरण्याचे काम अनेक घरांत नगावर चालते. दुपारी तीन तास सुई चालविणारी स्त्री नियमाप्रमाणे रोजगारप्राप्त आहे. परंतु सर्वेक्षकाशी बहुधा घरातील कर्ता पुरुष बोलतो, आणि तो सहज सांगतो, ‘ती घरीच असते.’ मग संकेतांक ९२, फक्त घरकाम. ती श्रमशक्तीच्या बाहेर गेली. याच्या उलटही घडते. सासूच्या दुकानात अधूनमधून तासभर बसणारी, मनातून शिक्षिकेची नोकरी हवी असलेली सून २१ या संकेतांकाखाली ‘रोजगारप्राप्त’ होते. पहिलीचे काम दिसत नाही, दुसरीची बेरोजगारी दिसत नाही. दोघींच्या बाबतीत सर्वेक्षणाने नियम मोडलेला नाही, हे येथे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे.

या साऱ्याच्या मुळाशी एका तासाचा नियम आहे. ‘चालू साप्ताहिक स्थिती’नुसार, मुलाखतीपूर्वीच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केले असेल तर व्यक्ती रोजगारप्राप्त ठरते. एकही तास काम केले नाही, परंतु काम शोधले किंवा कामासाठी उपलब्ध होती, तरच ती बेरोजगार. ‘नेहमीची स्थिती’ ३६५ दिवसांकडे पाहते आणि मुख्य कामाबरोबर वर्षातील किमान ३० दिवसांच्या दुय्यम कामालाही धरते. म्हणजे अकरा महिने हात रिकामे आणि एक महिना कापणीला गेलेला माणूस या निकषावर बेरोजगार उरत नाही.

हा नियम सरकारने आकडा कमी दिसावा म्हणून शोधून काढला, असा आरोप अधूनमधून होतो. तो टिकणारा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आश्रयाने भरणाऱ्या श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या परिषदेने १९८२ मध्ये हा निकष रूढ केला आणि जगभर तो वापरला जातो. त्यामागे तर्क आहे. राष्ट्रीय उत्पन्नात एका तासाच्या श्रमाचेही मोल धरले जाते. मग तो श्रम करणारा माणूस रोजगाराच्या गणनेतून गाळता येणार नाही. अडचण नियमाची नाही, त्याच्या स्थलांतराची आहे. जेथे काम गेले की बेकारभत्ता मिळतो, तेथे माणूस योग्य काम मिळेपर्यंत घरी थांबू शकतो आणि आकड्यात दिसतो. जेथे भत्ता नाही, तेथे काम गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी हातगाडी लावतो, आणि आकड्यातून नाहीसा होतो.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये नेमकी हीच गोष्ट हेरली होती. महामंदीत कारखान्यातून काढलेले कामगार लंडनच्या रस्त्यांवर आगपेट्या विकण्यासारखी कमी उत्पादक कामे करू लागले, त्या स्थितीला त्यांनी प्रच्छन्न बेरोजगारी हे नाव दिले. पुढे ही संकल्पना आशियातील शेतीला लावली गेली आणि ‘चौघांच्या शेतात सहा जण राबतात’ हे उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकांत कायमचे जाऊन बसले. मूळ संकल्पना शहरातली होती, हे त्यामुळे विस्मृतीत गेले.

एकच देश, तीन दर

भारतीय अर्थशास्त्रज्ञांना ही गुंतागुंत ठाऊक नव्हती असे नाही. सुरुवातीच्या पंचवार्षिक योजनांत बेरोजगारांची एकच ढोबळ संख्या मांडली जात असे. तिच्या उपयुक्ततेविषयी शंका वाढल्यावर प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० मध्ये स्पष्ट केले, की प्रगत देशांतील श्रमशक्तीची कल्पना भारतासारख्या स्वयंरोजगाराच्या आणि कौटुंबिक शेतीच्या अर्थव्यवस्थेला जशीच्या तशी लावता येत नाही. एका आकड्यात हे वास्तव मावणार नाही. त्या चर्चेतून १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २७व्या फेरीत तीन मोजपट्ट्या आल्या : नेहमीची स्थिती, साप्ताहिक स्थिती आणि दैनिक स्थिती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही याच मंथनाचा काळ. गरिबांचा प्रश्न पुरेशा कामाचा आहे, हे त्यांनी ठासून मांडले होते.

तिसरी मोजपट्टी, म्हणजे दैनिक स्थिती, विशेष बोलकी होती. ती माणसाला ‘रोजगारप्राप्त’ किंवा ‘बेरोजगार’ असा एकच शिक्का मारत नाही. त्याच्या आठवड्यातील प्रत्येक दिवसाचा, किंबहुना अर्ध्या दिवसाचा हिशेब मागते. एखाद्या दिवशी चार तास वा अधिक काम केले तर पूर्ण दिवस, एक तास वा अधिक पण चार तासांपेक्षा कमी केले तर अर्धा.

मजूर नाक्यावर उभा राहणारा गवंडी याचे सोपे उदाहरण. जयपुरात या जागेला चौखटी म्हणतात, पुण्यात मजूर अड्डा, मुंबईत नाका. सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन माणसे उभी राहतात आणि ऊन चढेपर्यंत ज्यांना ठेकेदाराने नेले नाही ती परत जातात. समजा, एका गवंड्याला आठवड्यात तीन दिवस काम मिळाले आणि चार दिवस तो रिकाम्या हाताने परतला. नेहमीच्या स्थितीत तो रोजगारप्राप्त. साप्ताहिक स्थितीतही रोजगारप्राप्त. दैनिक स्थितीत मात्र सातपैकी चार मनुष्यदिवस बेरोजगारीचे, म्हणजे ५७ टक्के.

देशभराचे आकडे हेच सांगतात. २०११-१२ च्या सर्वेक्षणात बेरोजगारीचा दर नेहमीच्या स्थितीनुसार २.२ टक्के, साप्ताहिक स्थितीनुसार ३.७ टक्के आणि दैनिक स्थितीनुसार ५.६ टक्के होता. त्यापूर्वी २००४-०५ मध्ये हेच तीन दर अनुक्रमे २.३, ४.४ आणि ८.२ टक्के होते. देश तोच, वर्ष तेच, घरेही तीच. पहिल्या आणि तिसऱ्या दरातील अंतर ही छुप्या बेरोजगारीची, तीही केवळ एका प्रकारची, ओझरती ओळख.

एप्रिल २०१७ पासून पंचवार्षिक फेऱ्यांची जागा नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाने घेतली. त्याचे ठळक आकडे नेहमीच्या आणि साप्ताहिक अशा दोनच स्थितींचे असतात. आकडे दरवर्षी मिळू लागले, ही मोठी सोय झाली; दैनिक मोजपट्टी मात्र चर्चेतून मागे पडली. दर पाच वर्षांनी का होईना, मथळ्यात येणारा तिसरा आकडा गेला.

पहिल्याच अहवालावरून वाद झाला. २०१७-१८ चा अहवाल रोखून धरल्याच्या निषेधार्थ राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन यांच्यासह दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले आणि अहवाल लोकसभा निवडणुकीनंतर, ३१ मे २०१९ रोजी जाहीर झाला. त्यातील १५ वर्षे व त्यावरील वयोगटाचा दर ६ टक्के होता. तेव्हापासून तो सातत्याने घसरला असून २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षी ३.२ टक्क्यांवर स्थिरावला.

सहा वर्षांत दर निम्म्यावर आला, तर कामे कोठे निर्माण झाली? उत्तर त्याच अहवालांत आहे. एकूण काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारितांचे प्रमाण ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेले. त्यातही बिनपगारी घरगुती मदतनीस १३.६ टक्क्यांवरून १९.४ टक्के झाले. नियमित पगारदारांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरला. शेतीतील वाटा, जो विकासाबरोबर घटत जावा अशी अपेक्षा असते, तो ४४.१ वरून ४६.१ टक्के झाला. म्हणजे बनी पार्कमधील किराणा दुकानातले ते दोन मुलगे अपवाद नाहीत. रोजगारवाढीच्या आलेखातील ठळक रेघ तीच आहे.

स्त्रियांच्या श्रमशक्तीतील सहभागाचा दर याच काळात २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर पोहोचला. ही वाढ इतकी मोठी आहे, की तिच्या अर्थाविषयी अर्थतज्ज्ञांत एकमत नाही. काहींच्या मते पाणी, गॅस, रस्ते यांमुळे स्त्रियांचा वेळ मोकळा झाला आणि सर्वेक्षकही त्यांचे काम अधिक काटेकोरपणे नोंदवू लागले. इतरांच्या मते घरात येणारा पैसा अपुरा पडू लागल्याने स्त्रिया शेतात आणि घरच्या धंद्यात ओढल्या गेल्या. दोन्हींत तथ्य असू शकते. पण वाढीचा मोठा भाग बिनपगारी किंवा तुटपुंज्या मिळकतीच्या स्वयंरोजगारात असेल, तर तिला निव्वळ सुवार्ता म्हणणे धाडसाचे ठरेल.

बेरोजगार असण्याची ऐपत

सर्वेक्षणातील आणखी एक आकडा प्रथमदर्शनी चक्रावून टाकतो. निरक्षरांतील बेरोजगारी १ टक्क्याहूनही कमी. माध्यमिक व त्यावरील शिक्षण घेतलेल्यांत २०२३-२४ मध्ये ६.५ टक्के, पदवीधरांत २०२२-२३ मध्ये १३.४ टक्के. १५ ते २९ वयोगटात दर १०.२ टक्के. शिक्षणाने रोजगार जातो, असा याचा अर्थ नव्हे. निरक्षर माणसाला थांबण्याची ऐपत नसते. पदवीधराच्या मागे बहुधा एखादी पेन्शन, शेताचा तुकडा किंवा वडिलांचे दुकान असते, म्हणून तो ‘मी बेरोजगार आहे’ असे सांगू शकतो. आपल्या देशात बेरोजगार म्हणून नोंद होणे हीसुद्धा एका अर्थी ऐपत आहे.

ही थांबलेली पिढी राजस्थानात परीक्षेच्या दिवशी नजरेस पडते. २६ सप्टेंबर २०२१ रोजी झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेसाठी सुमारे साडेसोळा लाख उमेदवारांची नोंदणी होती; त्यांच्यासाठी सरकारी बसप्रवास विनामूल्य करण्यात आला आणि अनेक जिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवण्यात आले. प्रश्नपत्रिका तरीही फुटली आणि परीक्षेचा एक स्तर पुढे रद्द झाला. २०२५ मध्ये चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या ५३,७४९ जागांसाठी सुमारे २४ लाख ७६ हजार अर्ज आले. एका जागेमागे ४६ जण. पात्रता दहावी उत्तीर्ण एवढीच होती. अर्जदारांत पदव्युत्तर पदवीधरही होते.

हे पंचवीस लाख अर्जदार सरकारी दराच्या कोणत्या रकान्यात बसतात? उत्तर : सर्व रकान्यांत. शिकवणी घेणारा, वडिलांच्या शेतावर हात लावणारा, घरोघर पार्सल पोहोचविणारा अर्जदार रोजगारप्राप्त. बी.एड.ला प्रवेश घेऊन ठेवलेला नेहमीच्या स्थितीत विद्यार्थी, म्हणून श्रमशक्तीबाहेर. लग्न झालेली आणि रात्री अभ्यास करणारी ९२ मध्ये. काहीही न करता केवळ तयारी करणारा तेवढा बेरोजगार. शिपायाच्या नोकरीसाठी एकाच रांगेत उभी असलेली माणसे नोंदवहीत तीन वेगळ्या दिशांना जातात. बेरोजगारीचा दर या रांगेची लांबी मोजत नाही. तो मोजण्यासाठी तो बनलेलाही नाही.

या रचनेतील विसंगती राजस्थानच्या बेरोजगारी भत्त्यात आणखी ठळक होते. राज्याच्या युवा संबल योजनेत पात्र पदवीधर पुरुषांना दरमहा ४,००० रुपये आणि महिला, तृतीयपंथी व दिव्यांगांना ४,५०० रुपये, तेही कमाल दोन वर्षे, असा भत्ता २०२२ पासून ठरला. त्यासाठी रोज चार तास सरकारी कार्यालयात काम करण्याची अट घालण्यात आली. सर्वेक्षणाच्या व्याख्येत हे चार तास काम म्हणून धरले, तर बेरोजगारी भत्ता घेणारा तरुण भत्ता घेत असल्यामुळेच बेरोजगार उरत नाही.

हा केवळ शब्दच्छल नाही. किती जणांना भत्ता द्यायचा, किती शहरांत कामे काढायची, कौशल्य प्रशिक्षणाच्या किती जागा ठेवायच्या, याचे अंदाज शेवटी कोणत्या ना कोणत्या आकड्यावर बेततात. आकडा ४.४ टक्क्यांचा धरला तर एक अर्थसंकल्प होतो. अर्जांचा धरला तर दुसराच.

काम काढा, माणसे दिसतील

छुपी बेरोजगारी उघड करण्याचा याहून थेट मार्ग महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी दाखविला होता, आणि त्याला सर्वेक्षण म्हणत नसत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे प्रयोग केला : काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर पोहोचली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यातील बहुसंख्य आदल्या वर्षापर्यंत शेतकरी, शेतमजूर किंवा त्यांच्या घरातील स्त्रिया होत्या. ‘बेरोजगार’ म्हणून त्यांना कोणी मोजले नव्हते. खडी फोडण्याचे, पाझर तलावाचे काम निघताच ती दिसू लागली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांत मोजणीची एक रीतही दडलेली होती : हजेरीपटावरची रोजची संख्या हाच त्या दिवसाचा बेरोजगारीचा आकडा.

२००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा या अनुभवावर उभा राहिला. त्याच्या मागणीची चळवळ राजस्थानात जोमाने झाली होती. योगायोग असा, की टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये राजस्थानात या योजनेच्या कामावर एका दिवशी हजर असणाऱ्यांची संख्या ५० लाखांपुढे गेली. १९७३ च्या महाराष्ट्राइतकीच. त्यांत शहरांतून परतलेले हॉटेल कामगार, गवंडी, हमाल होते. त्यांनी सोडलेली शहरे मात्र योजनेच्या कक्षेबाहेर होती, कारण कायदा ग्रामीण होता. बनी पार्कमधील बंद हॉटेलचा कामगार गावी पोहोचला तर त्याला कुदळ मिळे, शहरातच राहिला तर काहीच नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी राजस्थान सरकारने ९ सप्टेंबर २०२२ रोजी इंदिरा गांधी शहरी रोजगार हमी योजना सुरू केली. शहरी कुटुंबाला वर्षात १०० दिवस काम, पुढे ते १२५ दिवस करण्यात आले. स्वच्छता, वृक्षारोपण, जुन्या बावड्यांची देखभाल अशा कामांवर मोठ्या संख्येने महिला आल्या. सर्वेक्षणात ज्यांच्यापुढे ‘घरकाम’ लिहिले गेले असते, त्यांतील अनेकींनी काम मागितले, एवढे तरी त्यातून कळले. जुलै २०२३ मध्ये किमान उत्पन्न हमीचा कायदाही विधानसभेने संमत केला. त्याच महिन्यात मंचाधारित कामगारांच्या नोंदणीचा आणि कल्याणाचा कायदा झाला. देशातील असा तो पहिला कायदा असून पार्सल पोहोचविणारे आणि टॅक्सीचालक यांना त्यामुळे निदान नोंदीत येण्याची वाट मिळाली.

अर्थात हजेरीपट हाही निर्दोष आरसा नाही. निधी आटला की कामे निघत नाहीत, मजुरी रखडली की लोक मागणी नोंदविणे सोडतात, आणि मागणी नोंदली गेली नाही की ती नव्हतीच असे मानले जाते. विसापूरच्या परिसरातून, खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळणारी गलाई कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. त्यांच्या गावातली बेरोजगारी ना सर्वेक्षणात दिसली, ना हजेरीपटावर. ती रेल्वेने निघून गेली.

मोजमाप सुधारण्याचे प्रयत्न चालू आहेत. जानेवारी २०२५ पासून श्रमशक्ती सर्वेक्षणाचा नमुना अडीच पटींहून अधिक वाढविण्यात आला आणि साप्ताहिक स्थितीचे आकडे दरमहा जाहीर होऊ लागले. एप्रिल २०२५ चा पहिला मासिक दर ५.१ टक्के होता. मेमध्ये तो ५.६ टक्के झाला. वार्षिक दरात विरघळून जाणारा उन्हाळा त्यामुळे निदान दिसू लागला. एका तासाचा नियम मात्र कायम आहे.

अन्य देशांनी यावर काढलेला तोडगा फारसा खर्चिक नाही. अमेरिकेचे श्रम-सांख्यिकी कार्यालय दरमहा यू-१ ते यू-६ असे सहा दर एकत्र प्रसिद्ध करते. यू-३ हा अधिकृत दर. यू-६ मध्ये शोध सोडून दिलेले आणि पूर्णवेळ काम हवे असताना अर्धवेळ काम करणारेही येतात. एप्रिल २०२० मध्ये पहिला सुमारे १५ टक्के असताना दुसरा सुमारे २३ टक्के होता. दोन्ही आकडे सरकारीच असल्याने खरा कोणता, या वादात वेळ गेला नाही. श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या परिषदेनेही २०१३ मध्ये केवळ घरच्या उपभोगासाठी केलेल्या उत्पादनाला रोजगारातून वेगळे काढले आणि अपुऱ्या कामाची स्वतंत्र मोजपट्टी सुचविली.

भारताला यासाठी नवे सर्वेक्षण करावे लागणार नाही. २०१७ पासूनच्या प्रश्नावलीत आठवड्याच्या प्रत्येक दिवशी किती तास काम केले आणि आणखी किती तास काम करण्यास व्यक्ती उपलब्ध होती, हे विचारले जाते. चौखटीवरून परतलेल्या गवंड्याने, दुकानात बसलेल्या पदवीधराने, भाड्याची वाट पाहणाऱ्या ई-रिक्षाचालकाने या प्रश्नाला दिलेले उत्तर सरकारदफ्तरी जमा आहे. ते मासिक पत्रकाच्या पहिल्या पानावर, बेरोजगारी दराच्या शेजारी छापण्याचा निर्णय तेवढा सांख्यिकी मंत्रालयाला घ्यावयाचा आहे.